आजीची दोन मिनिटं चाळीस सेकंद

२०१८ चा जून. शाळा नुकतीच उघडली होती, मी आठवीत गेले होते. एका संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा, हा मेसेज जितक्या लोकांना पाठवता येईल तितक्यांना पाठवा. सोबत एक व्हिडिओ. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे." शाळेत प्रकट वाचनात माझा पहिला नंबर ठरलेला असायचा. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना मी तो मेसेज न अडखळता वाचून दाखवला. आजीनं धाकट्या भावाला मांडीवर ओढून घेतलं. मग आईच्या फोनवरून मी तो दोन मैत्रिणींच्या घरी पाठवून दिला.

१ जुलैला, रविवारी, आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. तिथं जमावानं पाच माणसांना मुलं पळवणारे समजून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन, जीव जाईपर्यंत. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, बहुतेक मंगळवेढा भागातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हेच त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं जगणं.

आमचं गाव तिथून बरंच लांब. मी पाठवलेला मेसेज राईनपाड्यात पोचला असेल असं मी म्हणत नाही. पण तिथं जी अफवा पसरली ती हीच होती, आणि ती पुढं ढकलणाऱ्या हजारो हातांमध्ये माझाही हात होता. हे कबूल करायला मला सात वर्षं लागली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला माध्यमांवरच्या एका प्रकल्पासाठी जुनं सगळं उकरून काढलं, तेव्हा हे समोर आलं.

त्या दिवशी मी साक्षर होते. आपल्या जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षं किंवा त्याहून मोठी, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अशी माणसं ८२ टक्क्यांहून जास्त निघाली. युनेस्कोनं १९५८ साली केलेली व्याख्याही जवळपास अशीच आहे. रोजच्या जगण्याबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता आणि लिहिता यावं, एवढंच. दोन्ही व्याख्यांमध्ये एक शब्द आहे, जो आपण भरभर वाचताना गिळून टाकतो. 'समजून'. माझं वाचन चोख होतं. समजून मात्र मला काहीच आलं नव्हतं. हा मेसेज कुणी लिहिला, 'आपला भाग' म्हणजे नक्की कुठला, त्या व्हिडिओतला रस्ता आपल्याकडचा आहे का, यातला एकही प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. शाळेत धड्याखाली प्रश्न छापलेले असतात. मेसेजखाली नसतात.

अक्षरांच्या पलीकडचं वाचन

साक्षरता या शब्दातच अक्षर आहे, त्यामुळे अक्षरं ओळखली की काम झालं असं वाटतं. हे पुरेसं नाही, हे मोबाईल येण्याच्या फार आधी काही लोकांच्या लक्षात आलं होतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अँजिकोस नावाच्या गावात सुमारे ३०० कष्टकऱ्यांना वाचायला शिकवलं. त्यांनी सुरुवात बाराखडीपासून केली नाही. त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेतले, आधी त्यांवर बोलायला लावलं आणि मग अक्षरांकडे वळले. आपल्या परिस्थितीबद्दल प्रश्न विचारता येणं हा त्यांच्यासाठी वाचनाचाच भाग होता.

१९९४ साली अमेरिकेतल्या न्यू लंडन नावाच्या छोट्या गावात दहा अभ्यासक जमले आणि १९९६ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की यापुढं अर्थ फक्त शब्दांतून पोचणार नाही. चित्र, आवाज, हावभाव, पडद्यावरची मांडणी हे सगळं एकत्र येऊन अर्थ घडवेल आणि शाळेला हे सगळं वाचायला शिकवावं लागेल. मराठीत आपण याला बहुसाक्षरता म्हणू. फेसबुक सुरू व्हायला तेव्हा अजून आठ वर्षं होती.

आपल्याकडचं आजचं चित्र 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत दिसतं. 'प्रथम' या संस्थेनं २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ही पाहणी केली. त्यातल्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईनं वाचता आला नाही. आणि जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो वापरताही येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया पाहिला होता.

हे आकडे वाचून अनेक जण लगेच म्हणतात, न वाचता येणारी माणसं फसतात. मला ते पटत नाही. त्या ओट्यावर सर्वांत चांगलं वाचणारी मीच होते. माझ्या आवाजात वाचला गेला म्हणून तर तो मेसेज घरच्यांना आणखी खरा वाटला असेल.

कापलेला शेवट

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यातल्या एकाचा, आमच्या ग्रुपवर आलेल्याचाच, मूळ स्रोत बातम्या तपासणाऱ्यांनी शोधून काढला. रस्त्यावर मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहताना काळजाचा ठोका चुकतो. ती फिल्म पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी, लोकांना सावध करायला बनवली होती. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकल परत येते, मुलाला खाली सोडलं जातं आणि उचलणारा माणूस एक फलक दाखवतो. मूल पळवायला क्षणच पुरतो, अशा अर्थाचा. आपल्याकडे आलेल्या व्हिडिओतून शेवटचे ते काही सेकंद कापलेले होते.

कापणाऱ्यानं त्यात नवं काही घातलं नव्हतं, म्हणून मी या उदाहरणापाशी खूप वेळ थांबले. एकही खोटी चौकट, म्हणजे फ्रेम, नाही, एकही बनावट चेहरा नाही. फक्त शेवट काढला, आणि मुलं वाचवण्यासाठी बनवलेली गोष्ट माणसं मारण्याच्या कामाला आली. आता संगणकानं बनवलेले आवाज आणि चेहरे आले आहेत, त्यांची भीती खरीच आहे. पण २०१८ साली एवढं काही लागलं नव्हतं. कात्री पुरली होती.

त्यानंतर व्हॉट्सॲपनं काही बदल केले. जुलै २०१८ मध्ये, मेसेज मूळ लिहिलेला नसून पुढं पाठवलेला आहे हे सांगणारी खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली, जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, त्यावर दोन बाण दिसतात. मी घरी विचारलं, दोन बाणांचा अर्थ काय? कुणालाच माहीत नव्हतं. अशी खूण ओळखता येणं हेही मी आता वाचताच येणं मानते.

समोर काय येतं, ते कोण ठरवतं

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर काय घ्यायचं हे संपादक ठरवतो. फोनवर ते एक गणित ठरवतं. तुम्ही कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिलंत, कुठं शेरा मारलात, कुणाला पाठवलंत, याची नोंद होते आणि तुम्ही आणखी कशावर थांबाल याचा अंदाज बांधून पुढची गोष्ट समोर येते. ती खरी आहे का, हा त्या गणितातला मुख्य प्रश्न नसतो. फेसबुकनं २०१७ च्या सुमारास रागाच्या, हसण्याच्या, प्रेमाच्या चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. म्हणजे राग आणणाऱ्या पोस्टला आपोआप धक्का मिळत होता. नंतर रागाच्या चिन्हाचं वजन काढून टाकावं लागलं.

पण सगळं यंत्रावर ढकलूनही चालत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढं पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि हा फरक आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे पडत नव्हता, माणसांमुळे पडत होता. खोट्यात नवल असतं, आणि नवल सांगायची घाई आपल्याला असते. ओट्यावर बसून ऐकलेलं दुसऱ्या ओट्यावर पोचवायला आपण कधी वेळ लावला आहे?

आपली गोष्ट आपणच

प्रकल्पात आमच्या सरांनी दोन वाटा दिल्या होत्या. अफवांवर निबंध लिहा, किंवा स्वतः एक डिजिटल गोष्ट बनवा. मी दुसरी घेतली, आणि कात्री म्हणजे काय हे मला तिथंच कळलं.

डिजिटल गोष्ट म्हणजे रील नव्हे. १९९० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जो लँबर्ट, डेना ॲचली आणि त्यांच्या सोबत्यांनी साध्या माणसांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. ज्यानं आयुष्यात कधी कॅमेरा धरला नाही त्यानं स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगायची, घरातले फोटो त्यावर लावायचे, दोन-तीन मिनिटांची फिल्म करायची. हीच रीत घेऊन बीबीसीनं २००१ ते २००८ या काळात वेल्समध्ये गावोगाव कार्यशाळा घेतल्या. अडीचशे शब्दांच्या आसपासचं कथन, थोडे फोटो, दोनेक मिनिटं. मर्यादा मुद्दाम कडक ठेवली होती. थोड्यात सांगायचं म्हटलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं.

आमच्या प्रकल्पातही आधी रिंगण करून बसायचं. प्रत्येकानं आपली गोष्ट तोंडी सांगायची, बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायची, मग विचारायचं, "यात तुला नक्की काय सांगायचंय?" हा प्रश्न फार छळतो. मी म्हटलं, माझी आजी पहाटे उठून जात्यावर दळायची आणि ओव्या म्हणायची, ते सांगायचंय. मैत्रीण म्हणाली, "हे सगळ्यांच्या आज्यांचं झालं. तुझ्या आजीचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन आजीला विचारलं. गावात पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, मग गाणं का थांबलं? आजीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, गाणं लोकांसाठी कुठं होतं? जे माणसांना सांगता येत नव्हतं ते ती जात्याला सांगत होती. जातं गेलं, ऐकणारं गेलं. माझ्या फिल्मचं कथन त्या उत्तरापासून सुरू होतं.

आवाज भरायला आम्ही गोधडी वापरली. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. डोक्यावरून गोधडी घेऊन आत फोन धरला की घुमणं थांबतं आणि आवाज जवळचा वाटतो. आजी आणि मी एका गोधडीखाली बसलो, ती गायली. नंतर तिला ऐकवलं तर ती दचकली. "हाऊ मना आवाज शे का?" पंचाहत्तरीच्या बाईनं स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला होता. ॲपनं आपोआप लिहिलेल्या ओळी मात्र सगळ्या चुकल्या, कारण आजी अहिराणी बोलते आणि त्या ॲपला अहिराणी ऐकूच येत नाही. तिच्या शब्दांची त्यानं मोडकीतोडकी हिंदी केली होती. मी सगळं पुसलं आणि एकेक ओळ हातानं लिहिली. 'शे' कसं लिहायचं, 'हाऊ' दीर्घ की ऱ्हस्व, यावर वडिलांशी वाद घातला. माझ्या घरची भाषा मी पहिल्यांदाच लिहीत होते. शाळेची बारा वर्षं धरूनही मला वाटतं, लिहिण्याचा खरा धडा मला त्या रात्री मिळाला.

आपली गोष्ट आपण सांगणं हे काही सॅन फ्रान्सिस्कोहून आलेलं नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. अक्षरं शिकून दोन-चारच वर्षं झालेली, आणि त्या अक्षरांनी तिनं आपल्या लोकांवर होणारा अन्याय नावानिशी मांडला. साक्षरतेचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

उलट बाजूही आमच्याच खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून घेतल्या म्हणून राहिल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली. लिहून घेणारं माणूस घरात नसतं तर? किती घरांत नव्हतं?

याचं एक उत्तर मला प्रकल्पासाठी वाचताना सापडलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आता त्या ग्रामीण भारतातलं जगणं नोंदवून ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळावर येतात. ओवीचे शब्द वाचायला मिळतात, बऱ्याच ओव्या ऐकायलाही मिळतात. आणि सोबत ओवी कुणाची, गाव कोणतं, तालुका-जिल्हा कुठला, हे लिहिलेलं असतं.

ते नाव-गाव पाहून मी फोन खाली ठेवला. ओवीसुद्धा फॉरवर्डच होती की! या तोंडातून त्या तोंडात, माहेरून सासरी, एका गावातून दुसऱ्या गावात. वाटेत बदलतही होती, कारण प्रत्येक बाई तीत आपल्या भावाचं, लेकाचं नाव घालायची. म्हणजे पुढं देणं ही गोष्ट वाईट नाही, बदलणंही नाही. पण ओवी देणारी बाई समोर बसलेली असायची, खुंट्यावर दोघींचे हात असायचे. मला आलेल्या मेसेजला बाई नव्हती, गाव नव्हतं, तारीख नव्हती. 'आपल्या भागात' एवढंच होतं, आणि तो भाग ज्याच्या हातात फोन असेल त्याचा व्हायचा.

माझ्या हातातली कात्री

फिल्म दोन मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. वर्गात दाखवली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, ही सगळ्यांनी पाहायला हवी. पण एवढी लांब फिल्म फोनवर कोण पाहणार? म्हणून मी तिच्यातला तीस सेकंदांचा तुकडा काढला. ओवी म्हणता म्हणता आजी थांबते, तोंडावर पदर घेते. तिथं मी तुकडा संपवला. खाली उदास बासरी टाकली, कारण तशा रीलमध्ये ती असते. वर एक ओळ लिहिली, आजीच्या डोळ्यांतलं पाणी कुणी पाहिलं का?

तुकडा पसरला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग शेरे यायला लागले. या माउलीला कुणी रडवलं? मुलं सांभाळत नसतील. असल्या पोरांना देव माफ करणार नाही. आजीचा मुलगा म्हणजे माझे वडील. त्यांनी ते सगळं वाचलं. रात्री जेवताना ते ताटाकडे बघत बसले, मला काही बोलले नाहीत. मी तुकडा काढून टाकला, पण तोवर तो कुणीतरी उतरवून घेतला होता. दोन दिवसांनी दुसऱ्याच एका पानावर तो 'वृद्धाश्रमातली आई' म्हणून दिसला.

मूळ फिल्ममध्ये पुढच्या दहा सेकंदांत काय आहे? आजी पदराआडून हसते. ती रडत नव्हतीच. पुढची ओळ विसरली होती आणि लाजली होती. ती ओळ आठवल्यावर ती जास्तच मोठ्यानं म्हणते.

मी एकही खोटी चौकट घातली नव्हती. शेवटचे दहा सेकंद कापले होते, इतकंच. कराचीच्या त्या व्हिडिओवर मी चार पानं लिहिली होती. कुणीतरी दुष्टपणे कापलं असेल असंच माझ्या मनात होतं. माझ्या मनात दुष्टपणा नव्हता. लोकांनी पाहावं एवढीच इच्छा होती, आणि लोक कुठं थांबतात हे मला फोननं आधीच शिकवलं होतं.

गंमत म्हणजे याच फिल्ममध्ये मी आणखी एक गोष्ट कापली आहे. गोधडीखाली आजीनं तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं काहीतरी सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, हे पडद्यावर नको. ती फिल्मची सर्वांत जोरदार जागा झाली असती. मी ती काढली, इथंही सांगणार नाही. म्हणजे कापणं हेच पाप असतं असं नाही, कापल्याशिवाय गोष्ट होतच नाही. तिथं मी आजीला विचारून कापलं होतं. तीस सेकंदांचा तुकडा काढताना मी तिला विचारलं नव्हतं, वडिलांनाही नाही. तेव्हा माझ्या मनात फक्त अनोळखी बघणारे होते.

या दोन्ही कापाकापींनंतर माझं पाहणं बदललं. आता कुठलाही छोटा व्हिडिओ समोर आला की माझी नजर आधी कडांवर जाते. हा इथंच का सुरू झाला? इथंच का संपला? संगीत काढून टाकलं तर काय उरतं? फोनचा आवाज बंद करून एकदा व्हिडिओ पाहून बघा. अर्ध्या वेळा राग किंवा रडू आवाजातून येत असतं, चित्रातून नाही.

स्थळाची चौकशी

तपासायचं कसं, यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला सर्वांत उपयोगी पडली ती एका प्रयोगातली गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये तीन गटांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. १० पीएचडी झालेले इतिहासकार, १० व्यावसायिक बातमी-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी यांतले बरेच जण फसले. ते पान वरून खाली नीट वाचत बसले, मांडणी किती नीटनेटकी आहे, नाव किती भारदस्त आहे, ते पाहत राहिले. तपासनीसांनी मात्र पान जेमतेम पाहिलं, लगेच ते सोडून दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. ते कमी वेळात योग्य उत्तरापर्यंत पोचले. संशोधकांनी याला जे नाव दिलं, त्याला मराठीत आडवं वाचन म्हणता येईल.

आईला हे समजावताना मी अडकले होते. तिनंच सोपं केलं. "म्हणजे स्थळासारखं ना?" म्हणाली. मुलाचा बायोडाटा कितीही छान छापलेला असो, तो वाचून कुणी मुलगी देत नाही. त्या गावात आपलं कोण आहे ते शोधतो, शेजाऱ्यांना विचारतो, किराणावाल्यालाही विचारतो. बायोडाटा स्वतः मुलाकडच्यांनीच लिहिलेला असतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. संकेतस्थळावरचं 'आमच्याविषयी' हे पानही त्यांनीच लिहिलेलं असतं.

फोटो किंवा व्हिडिओ असेल तर चौकशीची रीत थोडी वेगळी. व्हिडिओ थांबवून एका चौकटीचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि गूगल लेन्समध्ये टाकायचा. तोच फोटो याआधी कुठं कुठं आला आहे ते दिसतं. पाच वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशातल्या बातमीत तो दिसला, तर कालच्या घटनेचा तो असूच शकत नाही. काही सापडलं नाही म्हणजे खरं आहे असा अर्थ मात्र काढायचा नाही. तेव्हा फक्त थांबायचं, पुढं पाठवायचं नाही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, एसटीचा रंग, अंगावरचे कपडे, हेही वाचायचं. कराचीच्या त्या व्हिडिओतल्या गल्लीकडे आमच्या ओट्यावरच्या एकानंही नीट पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त मुलाकडे पाहत होतो.

आणखी एक गोष्ट, बनवणाऱ्यांसाठी. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांनी तिथं आपल्या बोलीत, आपल्या शेतात उभं राहून गोष्टी सांगितल्या होत्या. बंदी योग्य की अयोग्य या वादात मी इथं पडत नाही. पण ज्यांनी आपल्या व्हिडिओंची प्रत फोनमध्ये ठेवली नव्हती त्यांच्या हाताला ते नंतर लागले नाहीत. कंपनीचं ॲप म्हणजे आपलं कपाट नव्हे. आजीच्या आवाजाची मूळ फाईल माझ्याकडे तीन ठिकाणी आहे, आणि फाईलच्या नावातच तिचं नाव, गाव आणि तारीख आहे. हे 'पारी'वरून शिकले.

तुकड्याचं प्रकरण झाल्यावर मी वडिलांची माफी मागितली आणि घरात सगळ्यांसमोर पूर्ण फिल्म लावली, टीव्हीला फोन जोडून. वडील पुढं सरकून बसले. आजी विसरते तिथं सगळे हसले, तीही हसली. फिल्मच्या शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं येतात. गाणारीचं पूर्ण नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, आणि आवाज भरल्याची तारीख.

आजी कधी शाळेत गेली नाही. गावात साक्षरतेचे वर्ग चालायचे तेव्हा तिथं ती सही करायला शिकली. जनगणनेच्या हिशेबात तेवढ्यानं साक्षर होत नाही. पण नावाची अक्षरं तिनं लगेच ओळखली. उठून टीव्हीजवळ गेली, बोट लावून म्हणाली, हे मी. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, "गावाचं नाव, आपल्या."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. ओव्या तिच्या आईकडच्या होत्या, म्हणाली, या गावच्या नाहीत. "मना माहेरनं नाव टाक."

मी लॅपटॉप उघडला.